पंपाचा दाब कां टिकत नाहीं?

औषधांच्या कारखान्यांतील परीक्षणशाळांतून एक प्रसंग वारंवार घडत असतो. लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या यंत्राचा पंप बरा चाललेला असतो. त्याविषयीं कोणाची तक्रार नसते. केवळ वेळापत्रकाप्रमाणें मुदत भरली म्हणून तो उघडण्यांत येतो. जुनीं सीलें काढून नवीं बसवितात, झडपा धुतात, गाळण्या बदलतात, सर्व नट पुन्हां आवळतात. मग दाबाची परीक्षा घ्यावी, तों पंप त्या परीक्षेंत नापास होतो! काल ज्यानें निमूटपणें काम केलें, तो आज नवे भाग अंगावर लेऊन दाब धरावयास नाकबूल होतो. इकडे गोळ्यांची एक बॅच तपासणीवांचून खोळंबलेली असते, वरिष्ठांची विचारणा सुरू झालेली असते, आणि तंत्रज्ञाच्या हातीं पाना येतो.

पाना हातीं घेण्यापूर्वींचीं दहा मिनिटें फार मोलाचीं असतात. त्या दहा मिनिटांत काय पहावें, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

या यंत्राला इतका दाब हवा तरी कशाला, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९०३ सालीं वॉर्सा येथील व्याख्यानांत या रीतीची पहिली मांडणी केली आणि १९०६ सालीं तिला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन, असें नांव दिलें. खडूच्या भुकटीनें भरलेल्या कांचेच्या नळींतून पानांचा अर्क झिरपूं दिला कीं त्यांतील हिरवे व पिवळे रंग पट्ट्यापट्ट्यांनीं वेगळे होत. त्स्वेत या रशियन शब्दाचा अर्थच मुळीं रंग असा आहे. तेव्हां नांव ठेवतांना त्यानें आपलें आडनांवहि त्यांत हळूच गोंवून घेतलें कीं काय, अशी शंका घेण्यास जागा आहे. पुढें १९४१ सालीं लीड्स येथील लोंकर-संशोधनसंस्थेंत काम करणाऱ्या आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांनीं असें सुचविलें कीं, नळींत भरलेले कण जितके बारीक तितकें पृथक्करण चांगलें होईल. मात्र अशा कणांमधून द्रव ढकलावयाचा तर दाबहि मोठा लागेल. या दोघांना १९५२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें; परंतु त्यांची ही सूचना प्रत्यक्षांत उतरण्यास १९६० नंतरचें दशक उजाडावें लागलें. कणांचा व्यास निम्मा केला, तर तोच वेग राखण्यास चौपट दाब लागतो. ५ मायक्रॉन व्यासाच्या कणांचे कॉलम आज सर्रास वापरांत आहेत, आणि २ मायक्रॉनहून बारीक कणांसाठीं १००० बारच्याहि पुढें जाणारीं यंत्रें २००४ सालापासून मिळूं लागलीं आहेत.

येथें ४०० बारपर्यंत जाणारा साधा पंप डोळ्यांपुढें ठेवलेला बरा. एक बार म्हणजे जवळजवळ वातावरणाचा दाब. तेव्हां ४०० बार म्हणजे समुद्रांत चार किलोमीटर खोल गेल्यावर जो दाब पडेल तो. पंपांतील दट्ट्या सुमारें ३ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे उदबत्तीच्या मानानें थोडा जाड. पण त्याच्या एवढ्याशा तोंडावर अशा वेळीं २९ किलोग्रॅम वजनाइतका भार असतो.

ज्यानें आडावरचा हातपंप उघडून पाहिला असेल त्याला या पंपाची रचना परकी वाटणार नाहीं. तेथें चामड्याचा वायसर असतो, येथें सील असतें. तेथें झडप असते, येथेंहि झडपच. फरक आहे तो मापांत आणि नाजूकपणांत. दट्ट्या, ज्याला परीक्षणशाळेंत पिस्टन म्हणतात, तो कृत्रिम नीलमण्याचा केलेला असतो. झडपेंत, म्हणजे चेक व्हॉल्व्हमध्यें, माणकाची बारीक गोळी नीलमण्याच्या बैठकीवर टेकलेली असते. नांवें ऐकून सराफकट्टा आठवावा. पण हीं रत्नें कठीण व अत्यंत गुळगुळीत असतात एवढ्याचसाठीं त्यांची येथें निवड झाली आहे. दट्ट्याभोंवतीं सील असतें. तें टेफ्लॉनसारख्या पदार्थाचें असून त्याच्या एका अंगाला खांच असते व त्या खांचेंत बारीक स्प्रिंग बसविलेली असते. ही खांच द्रवाच्या बाजूस ठेवावयाची. म्हणजे दाब वाढेल तसतसे सीलाचे ओंठ पसरतात आणि दट्ट्याला अधिकच घट्ट कवटाळतात. दाबाकडूनच दाब अडवून घेण्याची ही युक्ति मोठी सुरेख आहे; परंतु तेंच सील उलटें बसलें तर ओंठ पसरण्याचें कारणच उरत नाहीं, आणि द्रव आपली वाट काढतो.

पुष्कळशा पंपांत असे दोन दट्टे एकापुढें एक काम करतात. पहिला द्रव ओढून घेतो व पुढें ढकलतो. पहिला पुन्हां ओढूं लागला कीं दुसरा आपल्याजवळचा सांठा सोडतो, आणि अशा रीतीनें प्रवाह अखंड राहतो. पहिल्याच्या मुखाशीं एक झडप असते, दोहोंच्या मध्यें दुसरी. दुसऱ्या दट्ट्याच्या पुढें, आंत सांपडलेली हवा काढून टाकण्याची चावी असते. तिला पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. पुढील विवेचन या घडणीच्या पंपाला धरून आहे.

आतां परीक्षा कशी घेतात तें पाहूं गेल्यास ती दिसावयास अगदीं सोपी आहे. कॉलम काढून ठेवावयाचा, नळ्यांत आयसोप्रोपिल अल्कोहोल भरावयाचें, पुढचें तोंड छिद्र नसलेल्या नटानें बंद करावयाचें, पंप चालवून दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढवावयाचा, थांबवावयाचा, आणि तो कोणत्या वेगानें उतरतो हें पहावयाचें. उत्पादकानें घालून दिलेल्या प्रमाणाहून अधिक उतरला कीं पंप नापास.

पण या साध्या दिसणाऱ्या परीक्षेच्या पोटांत एक हिशेब दडलेला आहे, आणि तो न केल्यामुळें दिवसचे दिवस वायां जातात. द्रव दबत नाहीं असें शाळेंत शिकवितात. तें अगदींच खरें नव्हे. दाब १ बारनें वाढला कीं आयसोप्रोपिल अल्कोहोल आपल्या आकारमानाच्या दहा हजाराव्या भागाइतकें आक्रसतें. म्हणजे बंद केलेल्या मार्गांत १ मिलिलिटर अल्कोहोल असेल, तर त्यांतून एका मायक्रोलिटरचा दहावा हिस्सा निसटतांच दाब १ बारनें खालीं येईल. मिनिटाला २० बार दाब उतरत असेल तर गळती मिनिटाला अवघी २ मायक्रोलिटर! थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा धरला, तर असा एक थेंब जमावयास २५ मिनिटें लागतील, आणि अल्कोहोल त्याच्या कितीतरी आधीं उडून जाईल. पडद्यावर दाब कोसळत असतो, आणि सांध्याखालीं धरलेला टिपकागद मात्र कोरडाच्या कोरडा. ‘कोठेंच गळत नाहीं, तरी यंत्र नापास करतें’ ही तंत्रज्ञांची नेहमींची तक्रार येथून उद्भवते. शिवाय बंद मार्ग जितका लहान तितकी तीच गळती मोठी भासते. मार्गांत पाव मिलिलिटरच द्रव असला तर मिनिटाला २ मायक्रोलिटर गेल्यानें दाब ८० बारच्या वेगानें उतरूं लागेल. म्हणून दोन निरनिराळ्या यंत्रांचे उतार शेजारीं ठेवून हें अधिक बिघडलें, तें कमी, असा निवाडा करणें व्यर्थ होय.

उलट बाजूहि तितकीच खरी आहे. दाब उतरला म्हणजे गळती आहेच, असें नाहीं. द्रव झपाट्यानें दाबला कीं तो थोडा तापतो. पंप थांबला कीं निवूं लागतो. आणि बंद जागेंत निवणाऱ्या द्रवाचा दाब आपोआप कमी होतो. या अल्कोहोलाच्या बाबतींत एका अंशामागें सुमारें १० बार दाब कमी होतो, असा हिशेब निघतो. खोली थंड करणाऱ्या यंत्राचा झोत थेट पंपावर येत असेल, तर निर्दोष पंपहि चोर ठरण्याचा संभव असतो. यासाठीं नुसत्या आंकड्याकडे पाहूं नये, रेषेकडे पहावें. निवण्यानें उतरणारी रेषा आरंभीं झरझर खालीं येते आणि कांहीं मिनिटांत सपाट होते. गळतीनें उतरणारी रेषा थांबत नाहीं. दाब कमी होईल तशी ती थोडी मंदावते, इतकेंच. हा भेद एकदां डोळ्यांत बसला म्हणजे निम्मे पंप उघडण्याची पाळीच येणार नाहीं.

रेषेकडून आणखीहि बरेंच कांहीं कळतें. दाब मुळींच चढत नसेल, किंवा थोडा चढून अडखळत असेल, तर सील बदलण्याचा विचार इतक्यांत करूं नये. पर्ज व्हॉल्व्ह पुरता मिटला आहे काय, बाटलींतील नळी द्रवांत बुडालेली आहे काय, आणि पंपाच्या डोक्यांत हवा तर नाहीं ना, हे प्रश्न आधीं विचारावे. देखभालीनंतर पंपाचें डोकें कोरडें असतें. त्यांत हवा असणें हा अपवाद नसून नियमच होय. दट्ट्या एका फेरींत २० मायक्रोलिटर ढकलतो आणि त्याच्यापुढें १० मायक्रोलिटरचा बुडबुडा आहे असें धरलें, तर ४०० बारला तो बुडबुडा आक्रसून जवळजवळ नाहींसा होईल, आणि दट्ट्याची निम्मी फेरी त्याला दाबण्यांतच खर्ची पडेल. अशा पंपाचा प्रत्येक नट पिळून घट्ट केला तरी बुडबुडा जागचा हलणार नाहीं. त्याला उपाय एकच. पर्ज व्हॉल्व्ह उघडून हवा काढून टाकलेलें अल्कोहोल मोकळ्या हातानें वाहूं द्यावें, आणि पंप तें ओढीत नसेल तर पिचकारी लावून पहिला घोंट बाहेरून ओढून द्यावा.

दाब चढतो, पण चढतांना ठराविक तालांत गचके खातो, अशी दुसरी तऱ्हा असते. हा ताल दट्ट्यांच्या फेऱ्यांशीं जुळवून पहावा. पहिला दट्ट्या ढकलीत असतांनाच दाब रेंगाळत असेल, तर संशय त्याच्या सीलावर किंवा मुखाच्या झडपेवर जातो. दुसऱ्याच्या पाळीला रेंगाळत असेल, तर दोहोंमधली झडप द्रव मागें सोडीत असावी किंवा दुसरें सील झिरपत असावें. आणि दाब सुरळीत चढून पंप थांबल्यावरच उतरूं लागत असेल, तर मधल्या झडपेच्या पलीकडचा प्रदेश तपासावा. कारण पंप थांबला कीं पहिला दट्ट्या त्या झडपेच्या आड झांकला जातो. अशा वेळीं दुसरें सील, मधली झडप, पर्ज व्हॉल्व्ह, नळ्यांचे सांधे, आणि तोंडाला लावलेला तो छिद्र नसलेला नट, इतकेच आरोपी उरतात.

या शेवटच्या आरोपीकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. परीक्षेसाठीं म्हणून खणांत ठेवलेला तो नट वर्षानुवर्षें वापरांत असतो. त्याचें टोंक दबलेलें असतें, आणि नव्या पंपाचा दोष म्हणून त्याचाच दोष नोंदला जातो. पंपावर संशय घेण्यापूर्वीं नवा नट लावून पहावा. चार आण्यांच्या वस्तूनें चार तासांचें काम वांचल्याचीं उदाहरणें प्रत्येक परीक्षणशाळेंत सांपडतील.

त्यानंतरचा प्रश्न असा, कीं देखभालीच्या वेळीं हात कोठें कोठें लागला? काल जो पंप दाब धरीत होता त्यांत आज दोष उत्पन्न झाला असेल, तर तो बहुधा कालपासून आजपर्यंत जेथें हात लागला तेथेंच असणार. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती सांगावी लागूं नये. तथापि यंत्र नापास होतांच माणसाचें मन दूरदूरच्या कारणांकडे धांव घेतें. कोणी दाबमापक बिघडल्याचें म्हणतो, कोणी विद्युत्‌मंडळाला दोष देतो, कोणी नवीं सीलेंच वाईट आलीं असें ठरवितो. दाबमापकाची शंका असेलच तर ती अर्ध्या मिनिटांत फिटते. पर्ज व्हॉल्व्ह उघडला असतां आंकडा शून्याजवळ आला, तर निदान त्याचें शून्य तरी जागेवर आहे, आणि पहिली शोधाशोध इतरत्र करावी.

हात लागलेल्या जागीं आढळणारे दोष फार नाहींत, पण ते ओळखीचे आहेत. सील उलटें बसलेलें असतें. जुनें सील निघालें असें वाटून त्याच्यावरच नवें दडपलेलें असतें. कारण झिजलेलें सील काळवंडून धातूच्या रंगाला मिळून जातें व डोळ्याला दिसत नाहीं. सील काढतांना पोलादी टोंच्यानें आंतल्या भिंतीवर ओरखडा पडलेला असतो. हा दोष सर्वांत वाईट, कारण नवें सील कितीहि चांगलें असलें तरी ओरखड्याची दरी तें भरून काढूं शकत नाहीं. झडप धुऊन परत बसवितांना खालचें तोंड वर झालेलें असतें. माणकाची गोळी आपल्या वजनानें बैठकीवर येते, म्हणून झडपेवरचा बाण वरच्या दिशेसच असावा लागतो. धुण्यासाठीं वापरलेल्या फडक्याचा एखादा तंतु गोळीखालीं अडकलेला असतो. तो केसाहून बारीक असला तरी ४०० बारला दरवाजा सताड उघडा ठेवण्यास पुरेसा होतो. पंपाचें डोकें दोन स्क्रूंनीं बसत असेल आणि एक पुरता आवळून मग दुसरा आवळला असेल, तर डोकें तिरपें बसतें व दट्ट्या सीलाला एका बाजूनें घांसूं लागतो. नीलमण्याचा दट्ट्या कठीण असला तरी ठिसूळ असतो, हेंहि विसरूं नये. तिरपा ताण बसला कीं तो वांकत नाहीं, मोडतो.

दट्ट्यावर जुन्या सीलाचा लेप चढलेला असला तर नवें सीलहि फार दिवस टिकत नाहीं. तो काढण्यासाठीं अल्कोहोल किंवा साधें दंतमंजन वापरावें, असा उपाय एका नामांकित उत्पादकाच्या पुस्तिकेंत छापलेला आहे. लाखों रुपयांच्या यंत्राला शेवटीं दंतमंजनानेंच उजळावें लागतें, ही गोष्ट गृहिणींना समाधान देणारी ठरावी.

येथें नव्या सीलाविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण नापास होण्याचें अत्यंत सामान्य आणि अत्यंत निरुपद्रवी कारण हेंच आहे. ग्राफाइट मिसळलेल्या टेफ्लॉनचें सील बसविल्याबरोबर दट्ट्याशीं एकजीव होत नाहीं. नवा जोडा पायाला बसावा लागतो, तसें तें दट्ट्याला बसावें लागतें. यासाठीं परीक्षेपूर्वीं पंपापुढें अरुंद नळीचा अडथळा लावून, सुमारें ३५० बार दाबाखालीं पंधरा मिनिटें आयसोप्रोपिल अल्कोहोल वाहूं देतात. हें न करतां लगेच परीक्षा घेतली तर चांगलें सीलहि थोडेंसें झिरपतें. मात्र हा नियम सर्व सीलांना लागूं नाहीं. हेक्झेनसारख्या द्रवांसाठीं जीं पॉलिएथिलीनचीं सीलें बसवितात, त्यांना ही तालीम दिली तर तीं त्या तालमींतच निकामी होतात. तेव्हां खोक्यावर काय लिहिलें आहे तें वाचल्यावांचून सील बसवूं नये.

दुसरा एक धोका घाईंतून निर्माण होतो. कालपर्यंत पंपांतून फॉस्फेटचें क्षारयुक्त द्रावण वाहत होतें. परीक्षेला आयसोप्रोपिल अल्कोहोल हवें म्हणून नळी एका बाटलींतून काढून सरळ दुसरींत घातली. अल्कोहोलांत हे क्षार विरघळत नाहींत. ते जागच्या जागीं स्फटिकरूपानें खालीं बसतात; कांहीं झडपेच्या बैठकीवर, कांहीं सीलाच्या ओंठाशीं. ज्या परीक्षेनें पंपाचें आरोग्य पहावयाचें, तिनेंच त्याला आजार जडविला असें होतें. मधें स्वच्छ पाण्यानें नळ्या पुरत्या धुणें, एवढाच त्यावर उपाय आहे. आणि सांध्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसली, तर ती जुन्या गळतीची साक्ष समजावी.

आतां पान्याकडे वळावयास हरकत नाहीं; पण पाना आवळण्यासाठीं म्हणून नव्हे. गळणारा नट अधिक पिळावा, ही स्वाभाविक ऊर्मि आहे, आणि पाण्याच्या नळाला ती कधीं कधीं लागूंहि पडते. येथें मात्र पोलादी नळीभोंवतीं फेरूल नांवाचें बारीक निमुळतें कडें असतें, आणि एकदां आवळलें कीं तें नळीवर कायमचें रुतून बसतें. एका बनावटीच्या सांध्यासाठीं रुतलेलें कडें दुसऱ्या बनावटीच्या सांध्यांत बसविलें तर नळीचें टोंक एक तर अपुरें पोंचतें, नाहीं तर जास्त. आणि कितीहि पिळलें तरी तें जुळत नाहीं. जोरानें फक्त सांध्याचे आटे खराब होतात. ज्या नटाला दोनदां आवळूनहि गुण येत नाहीं, तो कापून नवें कडें घालावें, हें त्या नटाच्या आणि पंपाच्याहि हिताचें. दाब असतांना तर पान्याला हातच लावूं नये. आधीं दाब शून्यावर आणावा.

पान्याचा खरा उपयोग मार्ग तोडून पाहण्यासाठीं आहे. पंप, नमुना टोंचणारें यंत्र आणि त्यांमधील नळ्या असा सगळा मार्ग परीक्षेंत नापास झाला असेल, तर तोंड बंद करणारा नट मागें मागें सरकवीत आणावा. पंपाच्या लगेच पुढें तो लावला असतां दाब टिकला, तर पंप निर्दोष आहे. दोष नमुना टोंचणाऱ्या यंत्राच्या फिरत्या सीलांत किंवा सुईच्या बैठकींत शोधावा. तेथेंहि टिकला नाहीं, तर दोष पंपांतच. मार्गाचे असे दोन दोन भाग करीत गेल्यास तीन-चार परीक्षांत एकच सांधा किंवा एकच सील उरतें. यांत पथ्य एवढेंच, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन्ही सीलें, दोन्ही झडपा आणि तीन नट एकदम बदलून पंप पास झाला, तर तो कशानें पास झाला हें कोणालाच कळत नाहीं. आणि पुढच्या खेपेस तोच शोध पुन्हां मुळापासून करावा लागतो.

इतका खटाटोप दोन मायक्रोलिटरसाठीं कशाला, असें कोणी विचारील. अरुंद कॉलमांत प्रवाहच मिनिटाला २०० मायक्रोलिटर असतो. त्यांत दोन म्हणजे शेंकडा एक. मोठ्या कॉलमांत गळती वाढून शेंकडा दोनवर गेली असें धरलें, तर दहाव्या मिनिटाला यावयाचें शिखर बारा सेकंद उशिरां येईल. तें कदाचित् कोणी मनावरहि घेणार नाहीं. पण अतिनील किरणांनीं मापणाऱ्या उपकरणापुढून तोच पदार्थ सावकाश जाऊं लागला, कीं शिखराचें क्षेत्रफळहि शेंकडा दोननें फुगतें. प्रमाणद्रावण व नमुना या दोहोंच्या वेळीं गळती सारखी असती तर चूक परस्पर फिटली असती; परंतु गळतीच्या अंगीं सारखेपणा हा गुणच नाहीं. सकाळीं प्रमाणद्रावण चालविलें तेव्हां ती अर्धा टक्का असेल, दुपारीं नमुना चालविला तेव्हां दोन टक्के. कित्येक गोळ्यांत औषधाचें प्रमाण लेबलावरील आंकड्याच्या ९५ ते १०५ टक्के असावें असा नियम असतो. खरोखर ९४ टक्केच औषध असलेली बॅच त्या दिवशीं ९५ च्या वर दिसेल आणि दुकानांत जाईल. घेणारा रोगी तिच्याविषयीं कांहींहि जाणणार नाहीं. दोन द्रव दोन निराळ्या पंपांनीं मिसळावयाचे असतील आणि त्यांतला एकच गळत असेल, तर मिश्रणाचें प्रमाणच ढळतें, आणि मग कोणतें शिखर कोणत्या पदार्थाचें, येथपासून गोंधळ उडतो.

म्हणूनच नापास झालेली परीक्षा पुन्हां पुन्हां घेत राहून, एकदां पास झाली कीं तेवढीच वहींत टिपणें, ही रीति अक्षम्य समजली पाहिजे. सील बसण्यासाठीं पंप चालवावयाचा तर तो परीक्षेपूर्वीं, तसें नमूद करून, ठरलेला वेळ चालवावा. द्रव निवण्यासाठीं थांबावयाचें तर किती थांबावयाचें हें कार्यपद्धतींत आधींच लिहिलेलें असावें. दोन्ही गोष्टी शास्त्रशुद्ध आहेत. त्यांचेंच नांव पुढें करून, परीक्षेचा निकाल आवडला नाहीं म्हणून ती सहा वेळां घेणें शास्त्रशुद्ध नाहीं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें डिसेंबर २०१८ मध्यें नोंदींच्या सचोटीविषयीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांतहि निकाल अनुकूल होईपर्यंत चांचण्या घेत राहण्याच्या प्रवृत्तीवर बोट ठेवलेलें आहे. महाराष्ट्रांतील आणि गोव्यांतील ज्या कारखान्यांचीं औषधें त्या देशांत जातात, तेथील परीक्षणशाळांना हा विषय नवा नाहीं. नापास झालेल्या परीक्षेचा आलेखहि वहींत लावावा, त्याखालीं काय बदललें तें लिहावें, आणि मग पास झालेला आलेख लावावा. पुढच्या वर्षीं तोच पंप अडला तर पहिली मदत त्या पानाचीच होते.

पंप पास झाल्यावर कॉलम जोडतांना घाई करूं नये. नळ्यांत अजून आयसोप्रोपिल अल्कोहोल असतें, आणि तें पाण्याच्या दुपटीहून अधिक दाट असल्यामुळें नेहमींच्या प्रवाहाला दाब नेहमींच्या दुपटीहून वर जातो. तो पाहून कित्येक जण कॉलम तुंबला असें समजतात. प्रवाह आरंभीं निम्म्याहून कमी ठेवावा. कॉलम जोडण्यापूर्वीं अल्कोहोल पाण्यानें किंवा योग्य त्या द्रवानें बाहेर काढावें. आणि क्षारयुक्त द्रावण सर्वांत शेवटीं सोडावें. मग नेहमींच्या प्रवाहाला दाब किती आहे तो आंकडा, दिनांकासह, त्याच वहींत लिहून ठेवावा.